चुन्याचं बोट

प्रिय माणिकअण्णा,

तुला जाऊन आज पाच दिवस झाले. तुला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. सोळा-सतरा वर्षं आपण एकाच पत्र्याखाली काढली. काही सांगायचं झालं तर गाडीखालून ओरडलं की काम व्हायचं. पण परवा तिसऱ्याला तुझ्या अंगणात जे घडलं, ते तुला सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाही. आणि त्याच्या मागचं जे आहे, ते तर आठ वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

सावडून माणसं मुडबीला परत आली, हातपाय धुऊन ओट्यावर टेकली, तेवढ्यात इस्माईलभाई आला. कमठाण्याहून दोन बस बदलून, काखेत कुबडी घेऊन. डाव्या पायाचा पायजमा गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेला. त्याला पाहून मी ओट्यावरून उठून उभा राहिलो. बसा म्हटलं तरी बसला नाही. उभ्यानंच सुलावहिनींना म्हणाला, "भाभी, मेरे दिल में कुछ नै. अण्णा के हात से हुआ, जानबूझ के थोडी करे. मैं माफ कर दिया बोलके बोलने कू आया."

वहिनींनी पदर तोंडात धरला. किती वेळ रडल्या! मग म्हणाल्या, "लई बरं झालं भाई, तुमी आलाव. जाईस्तवर त्यास्नी त्योच घोर व्हता. माझ्या बोटानं त्या मानसाचा पाय गेला, म्हनायचे."

मी तिथंच उभा होतो अण्णा, तुझ्या लेकाच्या शेजारी. तोंड उघडायची याहून चांगली वेळ कुठली होती? नाही उघडलं. इस्माईलभाईला चहा दिला, फाट्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेलो आणि त्याला बसमध्ये बसवून आलो. खिडकीतून त्यानं मला सलाम केला.

मी निघालो तेव्हा वहिनींनी तुझी चुन्याची पितळी डबी माझ्या हातात ठेवली. "शेडातली वस्तू हाय भावजी, तुमच्यापाशीच असू द्या." ती आता माझ्यासमोर आहे. आतला चुना वाळून खडा झालाय.

आणि हो, तुला मी परत अरे-तुरे करायला लागलोय, लक्षात आलं का? आठ वर्षं 'तुम्ही' म्हणत होतो. तुला ते किती लागायचं हे मला ठाऊक होतं, म्हणूनच म्हणत होतो.

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्या सुमारास आपण मुडबीच्या फाट्यावर गाड्या दुरुस्तीचं शेड टाकलं. तू हैदराबादेत मिलिटरीच्या लिलावातल्या गाड्यांवर हात बसवून आलेला, आणि मी गुलबर्ग्याच्या एका गॅरेजात तीन वर्षं नुसते नट धुतलेला. पहिल्या दिवशी मी तुला "अहो अण्णा" म्हणालो, तर तू गाडीखालून मुंडकं बाहेर काढलंस. "गाडीखाली दोघं झोपल्यावर कसलं अहो रे? जॅक सुटायला लागला, तर तू अहो म्हनूस्तवर मी मरंन की!"

शेडात माठ एकच होता. आठवतं? तुझ्या गावाकडचा एक ट्रकवाला आला आणि मी त्या माठाला हात लावलेला पाहून पाणी नको म्हणाला. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा कितीतरी वर्षं लोटली होती, पण लोक काही ते मानायला तयार नव्हते. तू त्याला म्हणालास, "मग तुमच्या रेडिएटरमधलं प्या. तिथं दश्याचा हात लागलेला न्हाई." मी घरी जाऊन ते शांताला तीनदा सांगितलं होतं.

पुढच्या चाकांच्या कामावर आपलं शेड चालायचं. आळंदच्या बाजूला बोर मारणाऱ्या गाड्या काळ्या रानात जायच्या. पावसाळ्यात त्या मातीत मागच्या दोन चाकांवर कोणती गाडी निघते? म्हणून पुढचीही चाकं ओढणाऱ्या गाड्या हव्यात. आणि चाक ओढणारं असलं की त्याच्या मधोमधच्या हबच्या पोटात भानगडी वाढतात. तू मला सगळं हातात धरून शिकवलंस. बेरिंग रॉकेलनं धुवायचं, ग्रीस तळव्यावर घेऊन बेरिंगच्या आत दाबून भरायचं. पहिला नट चाक जड होईपर्यंत आवळायचा, मग पाव फेरा मागं घ्यायचा. त्यावर लॉक-वायसर, त्यावर दुसरा नट आणि शेवटी छन्नीनं वायसरचा कान नटावर मुडपायचा. तो पत्र्याचा एवढासा कान नटाला फिरू देत नाही. एकदा मुडपलेला कान सरळ करून परत वापरायचा नाही, हे तू मला पहिल्याच आठवड्यात सांगितलंस. "पत्रा हाय त्यो. दुसऱ्यांदा वाकीवला की तुटतोयच."

आणि मग चुना. तो नियम तुझाच. एका चाकावर तू, दुसऱ्यावर मी. ज्याचं झालं त्यानं ड्रमवर हातोडीचे दोन ठोके द्यायचे. मग दुसऱ्यानं येऊन चाक हलवून बघायचं, फिरवून बघायचं, कान बघायचा, नट फडक्यानं पुसायचा आणि तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन नटावर एक टिपका लावायचा. त्यानंतरच हब बंद. आपल्याच चाकाला आपलं बोट लावायचं नाही. का, तर "आपली चूक आपल्याला दिसत न्हाई, आपली पाठ आपल्याला दिसती का?" आणि एकदा बोट लागलं की ते चाक बोट लावणाऱ्याचं. पुढं काही झालं तर बसवणाऱ्याला कुणी बोलायचं नाही, बोट लावणाऱ्यानं उभं राहायचं. आळंदपासून उमरग्यापर्यंतचे ड्रायव्हर हबचं झाकण उघडलं की आधी चुना शोधायचे.

हे सगळं तुला कशाला सांगतोय? तुझंच तर आहे. पण हे पत्र तू एकटाच ऐकणार नाहीस, म्हणून नीट लिहितोय.

अण्णा, तुझ्या थोरलीच्या लग्नाचं लिहू का? लिहितोच. दोन दिवस आधी येऊन मी मांडवात बॅटरीवर दिवे लावले होते. शांतानं धाकट्याला नवा सदरा शिवला होता. पंगत बसायला लागली तेव्हा तुझे चुलते आले आणि गोठ्यामागच्या लिंबाकडं हात करून म्हणाले, "तुमची मान्सं तिकडं." पत्रावळी तिकडंच टाकलेल्या होत्या. तू बुंदीची बादली घेऊन वाढत होतास. तू पाहिलंस. आपली नजरानजर झाली. तू बादली पुतण्याच्या हातात दिलीस आणि घरात निघून गेलास!

चुलत्यांचा राग नव्हता रे. त्यांच्याकडून मी कधी काही मागितलंच नव्हतं. पण तू? त्या माठाचा तू? शांतानं पोराचा हात धुतला आणि मला एवढंच म्हणाली, "उठा."

दुसऱ्या दिवशी तू शेडात आलास, पण त्यातलं काहीच बोलला नाहीस. मग मी पण बोललो नाही. "तेवढा बाराचा पाना द्या तुम्ही," म्हणालो. तू पाना दिलास, पण माझ्या हातात नाही, खाली फरशीवर ठेवलास. त्या दिवसापासून तसंच चाललं.

तीन आठवड्यांनी आळंदचा बोरवाला मालक हैदराबादेहून लॉकिंग हबच्या तीन जोड्या घेऊन आला. आपल्या भागात तसली वस्तू आपण पहिल्यांदाच बघत होतो. चाकाच्या मधोमध एक गोल चकती. रानात शिरताना खाली उतरून ती लॉकवर फिरवायची की पुढचं चाक ओढायला लागतं. डांबरी रस्त्याला आलं की फ्री करायची, म्हणजे चाक नुसतं मोकळं फिरतं. तू कितीतरी वेळ ती चकती कट-कट फिरवत बसलास. इस्माईल त्या गाड्यांचा ड्रायव्हर. त्याला तू म्हणालास, "दोनी चाकं येका मताची पायजेत बग. येक लॉक नि येक फ्री ठिवलास, तर गाडी रुसंल." हे बोलताना तू माझ्याकडं पाहिलंस. मी ग्रीसच्या डब्यात डोकं घातलं.

लागोपाठ तीन गाड्या होत्या. दोन नीट झाल्या. तिसऱ्या गाडीच्या दिवशी, सकाळीच, तुझं उजवं चाक आधी झालं. तू दोन ठोके दिलेस. आपण बोलत नव्हतो, तरी ठोके दिलेस. मी आलो, बघितलं, बोट लावलं. चुना लावायची डबी तिथंच मडगार्डवर राहिली.

मग माझं डावं चाक. कान मुडपताना हातोडी सटकली आणि नव्या वायसरचा कान मुळातूनच चिरला. जादाचे वायसर तुझ्या बाकाखालच्या खणात. अण्णा, एक वायसर द्या. इतकंच म्हणायचं होतं. ते मला म्हणवेना. ताटलीत जुना वायसर पडला होता. त्याचा कान ठोकून सरळ केला, परत मुडपला. दिसायला नव्यासारखाच दिसत होता.

तू इस्माईलला हाक मारायला फाट्यावर गेला होतास. ठोके दिले असते, तर तू आला असतास. आला असतास तर जुना वायसर तुझ्या नजरेतून सुटला नसता. मला काही न बोलता तू खणातून नवा काढून आणला असतास. तेच मला नको होतं. तू माझी चूक बघावीस आणि मी गप उभं राहावं, हे त्या दिवसांत मला सोसणारं नव्हतं. मी तुझी डबी उघडली, बोटावर चुना घेतला आणि माझ्याच चाकाला लावला. वर लॉकिंग हब ठेवला, सहाही बोल्ट आवळले.

तू परत आलास. बंद हबकडं बघत क्षणभर उभा राहिलास. बोलणं असतं, तर विचारलं असतंस. काहीच विचारलं नाहीस, आणि गाडी गेली.

वीसेक दिवसांनी, भरदुपारी, आळंदच्या उतारावर ते डावं चाक निखळलं. गाडी पुलाखाली गेली. इस्माईल एकटाच होता. पाय केबिनमध्ये सापडला, आणि गुलबर्ग्याला नेऊन तो कापावा लागला.

मालकानं चाक आपल्या शेडात आणून टाकलं आणि आपल्यासमोर हब उघडायला लावला. आत दोन्ही नट पडलेले, कान तुटलेला वायसर, आणि वरच्या नटावर ग्रीसमध्ये मिसळून पिवळट झालेला चुना. "ह्ये बोट कुनाचं?" मालक म्हणाला. तू माझ्याकडं पाहिलंस. मी खाली मान घातली. अगदी तू त्या दिवशी बादली दुसऱ्याच्या हातात दिलीस तशी.

"डावं चाक दश्याचं," तू म्हणालास, "म्हंजी बोट माझंच. मी नीट बगितलं नसंल. चूक माझी हाय."

मालक तुला काय काय बोलला! तू ऐकत राहिलास. मी तुझ्या शेजारी उभा राहून ऐकत राहिलो.

तेवढ्यावर थांबलं असतं, तरी कदाचित मी पुढं कधी बोललो असतो. पण आठवड्यानं तू माझ्या घरी आलास. एरवी ओट्यावर चहा घेऊन जायचास. त्या दिवशी चपला काढून सरळ आत आलास, बुद्धाच्या तसबिरीखाली मांडी घालून बसलास. शांताला म्हणालास, "बाई, लग्नात मी बादली घिऊन तुमच्याकडं यायला पायजे व्हतं. माझी हिंमत झाली न्हाई. आता मला वाढा." शांतानं भाकरी वाढली, तुरीचं वरण वाढलं. वाढताना रडत होती, तूही खाली बघून जेवत होतास. अण्णा, जे मला हवं होतं ते सगळं त्या दिवशी तू दिलंस!

आणि मग हात ताटातच ठेवून तू विचारलंस, "दश्या, येक इचारू? त्या चाकाचं बोट माझंच व्हतं न्हवं? मला आठवंना गेलंय रे. बाकीच्या दोन गाड्यांचं आठवतंय. त्या गाडीचंच कामून आठवंना?"

मी म्हणालो, "व्हय. तुमचंच व्हतं."

का म्हणालो? भीती होती, हे खरं. इस्माईलचे भाऊ, मालक, घरात दोन लेकरं. पण नुसती भीती नव्हती. तू माफी मागितलीस तरी माझ्या आत कुठंतरी तो लिंब तसाच उभा होता. मला वाटलं, भोगू दे यालाही थोडं. थोडं! मला काय माहीत ते तुला मरेपर्यंत पुरेल?

त्यानंतर तू पुढच्या चाकाला हात लावला नाहीस. पंक्चर काढायचास, सायकलींची चाकं नीट करायचास. कुणी हबचं विचारलं तर माझ्याकडं बोट करून म्हणायचास, "त्यो बगा, त्यो कारागीर." लोक उदगीरहून गाड्या घेऊन माझ्याकडं यायला लागले. मी चाक फिरवून बघायचो, तेव्हा तू पलीकडं पंक्चरच्या टबात हात घालून कान देऊन ऐकायचास. एकदा न राहवून म्हणालास, "जरा घट वाटायलंय." आणि लगेच, "न्हाई न्हाई, तुझं बरूबर असंल." तू म्हणत होतास तेच बरोबर होतं, अण्णा. नट घट्टच होता. मी तो नंतर सैल केला, पण तू घरी गेल्यावर. तुला तेवढंही कळू दिलं नाही मी.

तुझा राग येतो कधीकधी. इतका भोळा कसा रे तू? ज्या बोटाची आठवण नाही ते आपलं मानलंस कसं? एकदा तरी मला दरडावून विचारायचं होतंस. मी फार वेळ टिकलो नसतो.

गेल्या महिन्यात तुला भेटायला आलो, तेव्हा दम्यानं तुला धड बोलवत नव्हतं. तरी विचारलंस, "आजकाल तुझी चाकं कोन बगतंय?"

"कुनीच न्हाई," मी म्हणालो.

तू डोळे मिटून घेतलेस. "असं करू नको रे," म्हणालास. आपलं शेवटचं बोलणं तेच.

आता ऐक. येत्या रविवारी मी मुडबीला येतोय. वहिनींना वाचता येत नाही, म्हणून हे पत्र मीच त्यांना वाचून दाखवीन, तुझ्या लेकाच्या समोर. एक ओळही गाळणार नाही, लिंबाचीही नाही आणि वायसरचीही नाही. सोमवारी कमठाण्याला जाईन. इस्माईलभाईनं जी माफी दिली ती चुकीच्या माणसाला दिली, हे त्याला सांगीन. त्याला आवडेल ते तो करील. कुबडी उगारली तरी मी हात आडवा धरणार नाही.

तुझ्या डबीत पाण्याचे चार थेंब टाकलेत. चुना सकाळपासून भिजतोय, कडेनं मऊ व्हायला लागलाय. डबी बरोबर घेऊन येतोय. पत्र वाचून झालं की उघडून वहिनींच्या पुढं ठेवीन. त्यांनी बोट बुडवून या पत्राखाली टिपका लावला तर लावला, नाही तर तशीच बंद करून परत आणीन. या वेळी माझं मी लावून घेणार नाही, अण्णा.

डावं चाक ज्याचं होतं तो,
दश्या